हमीदाबींच्या चुका

या, थोडं पुढं सरकून बसा. पंख्याचा वारा मागेही लागतो, पण गोष्ट पुढं बसूनच नीट ऐकू येते. बुवांच्या पायाशी बसणाऱ्याला कीर्तनात जे मिळतं ते खांबाला टेकणाऱ्याला मिळत नाही. एका बाईची गोष्ट सांगायची आहे. तिने चाळीस वर्षांत एक अक्षर चुकीचं लिहिलं नाही, आणि सत्तरी गाठल्यावर साडेचार हजार चुका लिहिल्या. ऐका तर.

हमीदाबींनी डाव्या हाताचे बोट उचलले, कीबोर्डावर क्षणभर अधांतरी धरले, आणि जे अक्षर दाबायला नको होते नेमके तेच दाबले.

"झालं?" हेमांगीने विचारले.

"थांब. अजून एक राहिली त्याची. शब्दाच्या शेवटी फार घाई करायचा तो. शेवटच्या अक्षरावरची दोन टिंबं कधी द्यायचा नाही. खेळायला पळायचं असायचं ना."

"कुणाची ही?"

"धाकट्याची."

हेमांगीने त्या ओळीपुढे 'धाकटा' असे नोंदवले. नशिराबादच्या त्या घरात चैत्राची दुपार चढत होती. हमरस्त्यावरून ट्रक गेला की खिडकीतली काच थरथरे. हमीदाबींचा उजवा हात मांडीवर ओढणीखाली झाकलेला होता. दोन वर्षांपूर्वी लकवा आला तेव्हापासून तो तसाच. कीबोर्डावर हेमांगीने स्वतः कापून चिकटवलेली अरबी अक्षरे होती, आणि जी अक्षरे जास्त लागत त्यांच्या कडा आता झिजून उचलल्या होत्या.

बाहेर ओट्यावर हेमांगीचे वडील, तोताराम आबा, खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची, राखण करत बसले होते. दर रविवारी ते लेकीच्या स्कूटीवर मागे बसून जळगावहून येत. साक्रीकडचे गाव सोडून लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांना बोलायला माणूस मिळत नव्हते. हमीदाबींचे माहेर धुळ्याचे, त्यामुळे इथे आले की त्यांची अहिराणी जीभ मोकळी होई.

"आठला कावळा भलता शहाणा शेतस, बहीण," ते बाहेरून म्हणाले.

"राखनदार ध्रुपदकरी मिळना, मंग कावळा काय करतीन?" हमीदाबींनी पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले.

आबा हसले. गावी चाळीस वर्षे ते ध्रुपदकरी म्हणून कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले होते. पुढे उभे राहायची इच्छा त्यांना कधी झाली नाही, आणि कोणी तसे सुचवलेही नव्हते.

हेमांगी पाणी प्यायला उठली तेव्हा तिचे लक्ष दाराकडे गेले. तिथे दोन बोचकी बांधून ठेवली होती. पाटा-वरवंटा गोणपाटात गुंडाळला होता. आणि ओट्याच्या भिंतीवर जिथे नेहमी फळा असायचा तिथे नुसता पांढरा चौकोन होता. फळा खाली, भिंतीला टेकून उभा होता.

"आपा, हे काय?"

हमीदाबींनी बोट टेबलावर टेकवले.

"अय्यूब येतोय आज, जीप घेऊन. धुळ्याला नेतो म्हणतो. घर बंद करायचं. शेजाऱ्यांनी सकाळीच बांधाबांध करून दिली."

"आणि मुली?"

रोज चार वाजता गल्लीतल्या आठ मुली त्या ओट्यावर अरबी शिकायला येत. हात गेल्यावरही तो वर्ग एक दिवस चुकला नव्हता. फळ्यावर लिहायचे काम मुलीच करायच्या, हमीदाबी नुसत्या सांगायच्या.

"काल सांगितलं त्यांना. सुट्टी म्हणून. किती दिवसांची ते नाही सांगितलं."

"पण का? एकाएकी?"

"चुकांमुळे," हमीदाबी म्हणाल्या, आणि पुढचा शब्द लिहायला लागल्या.

ह्या चुकांची हकिगत अशी होती. हेमांगी जळगावच्या ज्या छोट्या कंपनीत कामाला होती, तिच्याकडे आखाती देशातून एक काम आले होते. परदेशी मुले अरबी शिकतात, टाइप करताना चुकतात. त्यांचे चुकलेले आपोआप दुरुस्त करील असा प्रोग्रॅम हवा होता. हेमांगीने वर्षभर खपून तो बनवला. त्याला लाखो बरोबर शब्द ठाऊक होते. तरी तो धड चालेना. कारण बरोबर काय ते कळले तरी माणूस चुकतो कसा, हे त्याला कळत नव्हते. मग हेमांगीने यंत्राकडूनच चुका करून घेतल्या. एक अक्षर इकडचे तिकडे, एक गाळलेले, एक जास्तीचे. त्या चुका घेऊन ती कुणीतरी सांगितले म्हणून नशिराबादला आली, चाळीस वर्षे शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंकडे.

हमीदाबींनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि चक्क हसल्या.

"असं कुणी चुकत नाही गं पोरी. ह्या चुका बेवारस आहेत. चुकीलासुद्धा आईबाप असतात."

आणि त्यांनी समजावले. अरबीत 'ह' दोन आहेत, एक घशातला आणि एक नुसत्या श्वासाचा. 'स' तर तीन तऱ्हेचे. आपल्या खान्देशी कानाला सगळे एकच. म्हणून पोर चुकते ते कानाने चुकते. काही पोरे घाईने चुकतात. काही घाबरून, बरोबर आलेले खोडून चुकीचे करतात. "माझ्याकडे वह्या आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "प्रत्येक मुलाच्या चुका मी लिहून ठेवायची. त्याला दाखवायला नाही. मला कळावं म्हणून, की हा कुठं अडतो."

पलंगाखालची पेटी ओढून काढली. झाकण उघडले तर आत मातीचे वारूळ. वाळवीने चाळीस वर्षे खाऊन टाकली होती. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आले. हमीदाबींनी चिमूटभर माती बोटांत घेतली, पाहिली, आणि झाकण लावून टाकले.

"पेटी गेली. पोरं कुठं गेली? ती तर सगळी डोक्यात बसलीत. तू अक्षरं चिकटवून दे मला त्या यंत्रावर. मी लिहिते."

तेव्हापासून अकरा महिने ही बाई एका बोटाने, आणि तेही डाव्या, चाळीस वर्षांतल्या मुलांच्या चुका आठवून आठवून लिहीत होती. एकेक मूल डोळ्यांपुढे आणायची, मग त्याच्यासारखी चुकायची. जिच्या हातून कधी टिंब इकडचे तिकडे झाले नाही तिला हे किती जड गेले असेल ते देवालाच ठाऊक. पहिल्या दिवशी तर बोट खाली येईना. चुकीच्या अक्षरावर जाई आणि आपसूक बरोबर अक्षराकडे वळे. हमीदाबींनी ते बोट टेबलाच्या कडेवर आपटले होते. म्हणाल्या होत्या, "मेलं ऐकतच नाही."

फाइलमध्ये मुलांची नावे घालायची नाहीत अशी कंपनीची अट होती. म्हणून हमीदाबींनी खुणा ठेवल्या. 'शेंगदाणेवाली', कारण तिचा खिसा नेहमी भरलेला. 'निळी पाटी'. 'मामाकडचा'. 'रडका', जो आता मोठा कंत्राटदार होता. आणि 'धाकटा'.

आबांनी एकदाच त्या प्रोग्रॅममध्ये तोंड घातले होते. हेमांगीने पहिल्यांदा दाखवला तेव्हा चुकले की शब्दाखाली लाल रेघ यायची आणि टुण्ण असा आवाज व्हायचा. आबा दचकले.

"हाई काय पोरी, भर कीर्तनमा बुवाले टोकी ऱ्हायनं!"

"मग चूक दाखवायची कशी, आबा?"

"दखाडानी कसाले? बुवा चुकना ते मांगला लोके काय करतस? बरोबर शबद उचलतस, आनि मोठा आवाजमा म्हनतस. बुवाले समजस, देवले समजस. समोरना लोकेस्ले कळत बी नही."

हमीदाबींनी तेव्हा लिहिणे थांबवून आबांकडे पाहिले होते. नंतर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मास्तर काब्र नही व्हयनात?" हेमांगीने दुसऱ्याच दिवशी लाल रेघ काढून टाकली. आता चूक झाली की बरोबर अक्षर हलकेच तिच्या जागी येऊन बसे, आवाज न करता. आणि यंत्राला खात्री नसेल तेव्हा ते काहीच बदलत नसे. शब्दाखाली फिकट ठिपके देऊन थांबे, लिहिणाऱ्याने ठरवावे म्हणून.

जीपचा आवाज गल्लीत शिरला.

अय्यूब पिंजारी धुळ्याला शाळेत गणित शिकवत असे. पंचेचाळिशीचा, सडसडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. तो आत आला, आईच्या पायांशी वाकला, आबांना सलाम केला. मग टेबलावरचा उघडा लॅपटॉप बघून त्याचा चेहरा थोडा उतरला.

"अम्मी, आज पण?"

"आजच संपलं बघ. शेवटची लिहिली."

तो बाहेर गेला आणि ड्रायव्हरबरोबर बोचकी उचलायला लागला. हेमांगी त्याच्या मागे ओट्यावर गेली.

"सर, दोन मिनिटं बोलू?"

"ताई, तुमचा काहीच दोष नाही." त्याने बोचके खाली ठेवले. "तुम्ही चांगल्या मनानं येता, तिचा वेळ जातो. पण डॉक्टरांनी आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. आधी हात जातो, मग कधी कधी हळूहळू शब्द जातात. लक्ष ठेवा म्हणाले."

"त्यांचे शब्द गेलेले नाहीत."

"मी पानं पाहिली. मागच्या महिन्यात आलो तेव्हा गादीखाली होती. तुम्हीच छापून दिली असतील. एक ओळ धड नव्हती. लहानपणी तिनं लिहिलेलं पान हातात घ्यायला आम्ही भावंडं भ्यायचो. डाग पडेल म्हणून."

"पण त्या चुका मुद्दाम केल्यात सर. आमच्या कामासाठी."

अय्यूब खिन्न हसला.

"तीही हेच म्हणते. माझे सासरे शेवटी शेवटी दूध सांडायचे आणि म्हणायचे, मुद्दाम सांडलं. आठ मुली येतात इथं, ताई. उद्या त्यांच्यातली एखादी घरी जाऊन म्हणाली, आपांना आता येत नाही, तर? मला ते ऐकायचं नाही. तिनंही ऐकू नये. त्याआधी तिला मानानं घेऊन जातो."

हा माणूस आईशी वैर धरून आला असता तर भांडता आले असते. तो तर आईची लाज राखायला आला होता.

अय्यूबने फळा उचलला आणि जीपमध्ये आडवा ठेवला. कडेला खडूची भुकटी सांडली. आत हमीदाबींनी ते पाहिले असावे, कारण ओढणी हातावर होती तशीच असताना त्यांनी ती पुन्हा नीट केली.

"सांगा ना आपा त्यांना," हेमांगी आत येऊन कळवळून म्हणाली. "समजावून सांगा."

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं की तो आणखी घाबरेल. गणिताचा माणूस आहे. त्याला ताळा लागतो."

अय्यूब आईला न्यायला आत आला, तसे तोताराम आबा खाटेजवळून उठले. बिबड्यांवर पंचा पांघरला, चपला काढून आत आले, आणि मागे उभे राहावे तसे अय्यूबच्या मागे उभे राहिले.

"मास्तर, एक ओळ तुम्ही लिखा. एकच. मंग खुशाल जीप हाका."

"मी? आबा, मला अरबी लिहून तीस वर्षं झाली."

"मंग ते भलतंच चांगलं."

अय्यूबने घड्याळ पाहिले. म्हातारा माणूस सांगतोय, नाही कसे म्हणायचे, म्हणून खुर्ची ओढून बसला. हमीदाबी झटकन म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ, त्याला उशीर होतो." पण त्याची बोटे कीबोर्डावर गेली होती.

"काय लिहू?"

"काहीही," हेमांगी म्हणाली.

त्याला जे पहिले आठवले ते त्याने लिहायला घेतले. तिसरीत असताना ह्याच ओट्यावर आईने सांगितलेले वाक्य. सकाळी मी शाळेत जातो, आणि आई दारात उभी असते. अक्षरे उजवीकडून डावीकडे चालू लागली. आबा पुटपुटले, "उलटं चालस हाई." हमीदाबींना एरवी ह्यावर काही तरी सुचले असते. आज त्यांचे लक्ष मुलाच्या बोटांवर होते.

'सकाळ' लिहिताना शेवटी घशातला 'ह' हवा होता. अय्यूबने साधा दाबला. पडद्यावर तो क्षणभर दिसला आणि त्याच्या जागी घशातला आला. अय्यूबला काही कळले नाही. तो पुढे गेला. 'जातो' लिहिताना पुन्हा चुकला, पुन्हा अक्षर हलकेच बदलले. आता त्याचे बोट थबकले.

"हे मी नाही दाबलं."

"पुढं लिहा," हेमांगी म्हणाली.

'शाळा' लिहून झाले. घाईत शेवटच्या अक्षरावरची दोन टिंबे राहिली. ती आपोआप येऊन बसली, जणू कोणी मागून हात घालून ती देऊन गेले.

अय्यूब खुर्चीत मागे टेकला. मग गणिताच्या माणसाने करावे तेच त्याने केले. ताळा पाहिला. एका नव्या शब्दात त्याने मुद्दाम एक भलतेच अक्षर घुसवले, कोणी पोर कधी घालणार नाही असे. यंत्राने ते बदलले नाही. खाली फिकट ठिपके आले आणि ते थांबून राहिले.

"हे का नाही दुरुस्त केलं?"

"त्याला खात्री नाही. असं चुकलेलं त्यानं कधी पाहिलेलं नाही."

"मग आधीच्या तीन?"

"त्या पाहिल्यात."

"कुठं?"

हेमांगीने यादी उघडली. साडेचार हजार ओळी. बोट खाली सरकवत तिने त्या तीन चुका शोधल्या, आणि त्यांच्यापुढे काय लिहिले आहे ते वाचून तिचा हात थांबला. तिन्हींपुढे एकच शब्द होता. तिने तो नेहमीच्या सवयीने गेले कितीतरी रविवार स्वतःच टाइप केला होता, आजसुद्धा. हा शब्द यादीत किती वेळा आला आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होते. तीनशे बारा. एवढ्या चुका कुठल्याच दुसऱ्या मुलाच्या नव्हत्या.

तिने हमीदाबींकडे पाहिले.

"बंद कर ती यादी, पोरी," हमीदाबी हळू आवाजात म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकराच्या चुका असतात त्यात. चारचौघांत वाचायच्या नसतात."

हेमांगीने यादी मिटली. पण अय्यूब समोरच बसला होता, आणि तीन भावांत धाकटा कोण हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ट्रक गेला, काच थरथरली.

"अम्मी," अय्यूब म्हणाला, "माझ्या पण वह्या ठेवल्या होत्यास?"

"ठेवल्या होत्या. वाळवीनं खाल्ल्या."

"मग?"

हमीदाबींनी डाव्या हाताने आपल्यापुढचा चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. थोडा बशीत सांडला.

"भाऊंना बिबडे दे भाजून," त्या म्हणाल्या. "केव्हाचे राखत बसलेत."

अय्यूब उठला नाही. त्याने ओळ पुसली. पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली, ह्या वेळी अगदी सावकाश. सकाळी मी शाळेत जातो. शाळेच्या शेवटच्या अक्षराशी आला तेव्हा त्याचे बोट थांबले. बरोबर अक्षर कोणते ते आता त्याला ठाऊक होते. ते सोडून त्याने बिनटिंबांचे दाबले. दोन टिंबे आली. त्याने ती खोडली आणि पुन्हा चुकला. पुन्हा आली. त्याने तिसऱ्यांदा तेच केले.

हमीदाबी खुर्चीमागून पाहत होत्या.

"आता मात्र हे तू मुद्दाम करतोयस," त्या म्हणाल्या.

"हो अम्मी," अय्यूब म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "मुद्दाम."

तोताराम आबा आवाज न करता मागच्या मागे ओट्यावर निघून गेले. पंचा उचलला आणि उगाचच एका कावळ्याला हाकलले. कावळा तिथे नव्हता.

ड्रायव्हरने दुसरा हॉर्न दिला तेव्हा अय्यूब बाहेर आला. चष्मा पुसत होता. ड्रायव्हरला म्हणाला, "उतर. चहा पिऊन घे." मग जीपमधून फळा काढला, दोन्ही हातांनी छातीशी धरून ओट्यावर आणला, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनापुढे उभा राहिला. शर्टावर खडूचा पट्टा उमटला होता.

"ताई, खिळा कुणी काढून कुठं ठेवला, काही बघितलं का तुम्ही?"

हेमांगीने उंबऱ्याजवळ शोधला. आबांनी खाटेखाली. सापडला तो हमीदाबींकडे. ओढणीखालच्या त्या न हलणाऱ्या उजव्या मुठीत त्यांनी तो सकाळपासून धरून ठेवला होता. डाव्या हाताने एकेक बोट उघडून त्यांनी तो मुलाला दिला.

चार वाजायला आले होते. सुट्टी आहे हे ठाऊक असूनही कोपऱ्यावर दोन मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या, जावे की नाही अशा.

गोष्ट एवढीच. तो प्रोग्रॅम पुढे समुद्रापार गेला. कुठल्या तरी शाळेत कुठले तरी पोर आज टाइप करते, घाई करते, आणि दोन टिंबे त्याच्या मागून गुपचूप येऊन बसतात. त्या पोराला वाटते, आपण बरोबरच लिहिले. कीर्तन उठल्यावर लोक बुवांच्या पाया पडतात, ते पडावेच. पण तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमचा एखादा अडलेला शब्द कोणी न बोलता मागून उचलून दिला, तर घटकाभर थांबा आणि नशिराबादच्या हमीदाबींची आठवण काढा. आपल्या लेकराची चूक जन्मभर जपून ठेवली आणि चारचौघांत वाचू दिली नाही, त्या बाईची.